आवाजाचे बियाणे



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलाविले तेव्हा मी कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. मी विषय कळविला तो मोबाईलमधल्या गाण्यांचा. त्यावर चालकांपैकी एका गृहस्थांनी फोन करून विचारले, "भाऊ, दुसऱ्या कोणाचा कागद तर आमच्याकडे आला नाही ना?" कागद माझाच होता. आणि हाही कामगार चळवळीच्या इतिहासाचाच एक कोपरा आहे, हे पुढे ध्यानात येईल. दहावीनंतर माझे शिक्षण शाळेत झाले नाही. जे झाले ते युनियनच्या कचेरीत, लोकलच्या डब्यात आणि वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांतून. तेव्हा बोलण्यात पंडितांची शिस्त नसली तर श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे.

आपले वाशिंद हे रेल्वेच्या इतिहासातले फार जुने नाव. १८५५ साली कल्याणहून रूळ येथवर आले आणि पुढची काही वर्षे ही लाईन येथेच संपत असे. कसाऱ्याला ती पोहोचली १८६१ साली. त्या लाईनवर रोज मुंबईस जाणाऱ्यांचा येण्याजाण्यात चार तासांचा काळ मोडतो. मी नोकरीला लागलो त्या काळात तो भजनात जात असे. टाळ-मृदंग घेऊन मंडळी ठरलेल्या डब्यात चढत आणि ज्याला अभंग येत नसे तो निदान टाळ्या तरी वाजवी. भजनी मंडळे आजही आहेत. परंतु त्यांच्या आसपासच्या बाकांवर प्रत्येकाच्या कानात बोंडूक असते आणि ज्याचे गाणे त्याला. कोणी कीर्तन ऐकतो, कोणी भीमगीते, कोणी सिनेमाची गाणी. हे सारे नखाएवढ्या कार्डात मावते कसे, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडलाच नव्हता. तो पडला एका नुकसानीमुळे.

आमच्या युनियनचे एक ज्येष्ठ सहकारी होते. गेट मीटिंगला जाताना ते खांद्याच्या पिशवीत टेपरेकॉर्डर नेत. १९८९ ते १९९७ या काळातल्या सभांच्या, नव्वद मिनिटांच्या, चौदा कॅसेटी त्यांनी भरल्या होत्या. भाषणे तर त्यांत होतीच. पण भाषणांआधी मुरबाडकडचा एक शाहीर डफ-तुणतुण्यावर गात असे तो होता, घोषणा होत्या, पाळी सुटल्याचा भोंगा होता. २००९ साली फिती एकमेकींना चिकटू लागल्या असे दिसले, म्हणून मी त्या एका दुकानात दिल्या. आठ दिवसांनी दुकानदाराने चौदाही कॅसेटी एका सीडीत बसवून दिल्या. पिशवीभर ओझे शर्टाच्या खिशात आले, याचा मला केवढा आनंद झाला! कॅसेटी पोटमाळ्यावर टाकल्या, आणि दोन पावसाळ्यांनंतर कचेरी बदलली तेव्हा "सीडी आहे ना" असे म्हणून भंगारात दिल्या. हा ठराव कार्यकारिणीचा नव्हता. तो निर्णय माझ्या एकट्याचा.

पुढे ते सहकारी वारले. त्यांच्या शोकसभेत त्यांचेच एक भाषण कर्ण्यावरून लावले. शब्द सगळे ऐकू आले. पण भाषण संपल्यावर ज्या टाळ्या पडायच्या त्या पडल्याच नाहीत. पन्हाळीतून पाणी गळावे तसा एक सळसळाट तेवढा ऐकू आला. झांजेचा आवाज पत्र्यावर वाळू घासल्यासारखा. माझ्याजवळ बसलेल्या एका म्हाताऱ्या कामगाराने विचारले, "त्या दिवशी पाऊस होता काय रे?" पाऊस नव्हता. ती सभा मार्च महिन्यातली होती.

टाळ्यांचे पाणी कसे झाले याचा शोध घेताना मी ज्या इतिहासात शिरलो तो असा.

आवाज जसाच्या तसा साठविणे कोणाला कधीच साधलेले नाही. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ केला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत बर्लिनर यांची सपाट तबकडी आली. ती आपल्या देशात रुजली १९०२ पासून. त्या वर्षी ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यास उतरले आणि गौहरजान यांचे गाणे त्यांनी मुद्रित केले. गाणाऱ्याने कर्ण्यात तोंड घालून गावे आणि त्या आवाजाच्या नुसत्या जोराने सुई हलावी, अशी ती रीत. वीज नाही, मायक्रोफोन नाही. कर्ण्यापासून दूर बसलेला तंबोरा बहुतेक हरवून जाई. तबकड्या तयार होत जर्मनीत हॅनोव्हर येथे. तेथल्या कारागिरांना गाणारे कोण हे कळावे म्हणून गौहरजान गाण्याच्या शेवटी इंग्रजीत आपले नाव मोठ्याने सांगत असत. आणि वेळ किती? दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटे, फार तर थोडी अधिक.

ज्या गायकीत एक ख्याल तासभर चालतो तिला हे तीन मिनिटांचे माप. संगीत नाटकात बालगंधर्व 'वन्स मोअर' घेत एकेक पद किती वेळ रंगवीत, हे आपण वडिलांच्या पिढीकडून ऐकलेले आहे. तबकडीवर तेच पद तीन मिनिटांत उरकावे लागे. पुष्कळांनी नाके मुरडली. पण अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, आणि त्यांना न पाहिलेल्या माणसांना त्यांचा सूर ओळखता येतो तो या तबकड्यांमुळेच. आलाप कोठे आवरायचा, कोणती तान घ्यायची, कोणती सोडायची, हे त्यांनी स्वतः ठरविले.

याच संदर्भात केसरबाई केरकर यांची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. गोव्यातल्या केरी गावच्या या थोर गायिका ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत अत्यंत कडक होत्या. त्यांची भैरवीतली साडेतीन मिनिटांची एक तबकडी 'व्हॉयेजर' या अमेरिकन यानांवर गेली. ती दोन याने १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात निघाली आणि केसरबाई त्याच सप्टेंबरात निवर्तल्या. यानांवरच्या त्या सोनेरी तबकडीतही जागेचीच अडचण होती. ती साध्या लाँग प्ले तबकडीच्या निम्म्या गतीने, मिनिटाला १६⅔ फेऱ्या, अशी वाजवायची ठेवली. गती निम्मी केल्याने वेळ वाढतो आणि उंच आवाजांतला बारकावा कमी होतो. जगभरच्या २७ रचना त्यात बसवायच्या म्हणून तो तोटा जाणूनबुजून पत्करला. एवंच, काटछाट ही काही आजच्या मोबाईलवाल्यांनी आणलेली नाही. तबकडीच्या काळात कात्री गाणाऱ्याच्या हातात होती, एवढाच काय तो फरक.

रेडिओचे थोडक्यात सांगतो. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले आणि वर्षभरात माडगूळकर-फडके यांची ५६ गीते घराघरांत गेली. मुंबई केंद्राचा 'कामगार सभा' हा कार्यक्रम तर चाळींतून ऐकला जाई. मध्यम लहरींवर उंच स्वरांचा बराच भाग पोहोचतच नसे, वर खरखर असे. म्हणून कोणाचे डोळे पाणावायचे राहिले असे काही ऐकिवात नाही. रोजच्या ऐकण्याला सगळा आवाज लागत नाही, हे त्या पिढीला कोणी शिकविले नव्हते. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट आणली. ती ऐंशीच्या दशकात आपल्याकडे स्वस्त झाली, आणि मग ध्वनिमुद्रण हे कंपनीचे राखीव काम उरले नाही. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज रस्त्यावरच्या टपरीत पोहोचला आणि आमच्या सहकाऱ्यांच्या पिशवीत टेपरेकॉर्डर आला, दोन्ही या एका वस्तूमुळे.

आता १९८२ साल. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत मागांच्या खात्यात होते. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना परत आत जाता आले नाही. आमच्या घरी त्या दिवाळीला तेल नव्हते. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला जपानात सीडी वाजविणारे पहिले यंत्र विकायला आले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काही नाही. मी आपले माझ्या हिशेबासाठी त्या एका पानावर लिहून ठेवल्या आहेत.

सीडीचा हिशेब मात्र समजून घेण्यासारखा आहे. आवाजाची लाट दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची. माणसाचा कान साधारण २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो आणि माप त्याच्या दुपटीहून अधिक वेळा घ्यावे लागते, म्हणून हा आकडा. प्रत्येक माप १६ बिटांत लिहायचे. डावा व उजवा असे दोन कान, म्हणून हे सारे दोनदा. गुणाकार करा: सेकंदाला १४,११,२०० बिट. मिनिटाला दहा मेगाबाइटांच्या वर. या हिशेबाने नव्वद मिनिटांची एक कॅसेट म्हणजे साडेनऊशे मेगाबाइट, आणि आमच्या दुकानदाराने दिलेल्या सीडीत मावतात सातशे. तेथे एकसुद्धा कॅसेट मावायला नको होती. चौदा मावल्या.

ही किमया जर्मनीतल्या एर्लांगेन येथली. तेथील प्राध्यापक डीटर झाइट्सर यांच्या मनात टेलिफोनच्या तारेतून संगीत पाठवायचे होते. त्यांनी पेटंट मागितले तेव्हा तपासनिसाने हे शक्य नाही असा शेरा मारला. मग झाइट्सर यांनी कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग या विद्यार्थ्याला या कामाला लावले. त्यांना आधार मिळाला तो कानाच्या एका दुबळेपणाचा. मोठ्या आवाजाच्या शेजारी, तशाच उंचीचा लहान आवाज असला तर तो कानाला ऐकूच येत नाही. हे कळायला मला पुस्तक लागले नाही. माझे वडील घरी हातवारे करीत आणि समोरच्याच्या ओठांकडे पाहत बोलत. शेकडो माग चालू असताना खात्यात शेजारच्याचा शब्द ऐकू येत नसे, ती सवय घरीही सुटली नाही. मागांचा आवाज शब्दाला झाकतो. एर्लांगेनच्या मंडळींनी गणित मांडले ते असे, की जे झाकलेच जाणार आहे ते लिहायचे कशाला?

आवाजाचे बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यात काय झाकले जाईल ते ताडायचे, तेवढे टाकून द्यायचे किंवा ओबडधोबड लिहायचे, अशी ही पद्धत. ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान व्हेगा या अमेरिकन गायिकेचे साथीविना गायलेले एक गीत आपल्या यंत्रातून काढले, तर ते भयंकर वाजले. मग ते सुधारेपर्यंत पुन्हा पुन्हा ऐकून त्यांनी पद्धत घासूनपुसून घेतली. १९९२ साली ती आंतरराष्ट्रीय मानकात गेली. १४ जुलै १९९५ रोजी संशोधकांनी आपसांत मते घेऊन तिच्या फाइलींना 'एमपी-थ्री' हे नाव ठरविले. मते घेतली, हे मला विशेष आवडले.

आता त्यांच्या बाजूने जे बोलले पाहिजे ते बोलतो. गेल्या दिवाळीत आमच्या कचेरीत येणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनी माझी परीक्षा घेतली. तेच गाणे एकदा पूर्ण प्रतीवरून आणि एकदा २५६ किलोबिटांच्या एमपी-थ्रीवरून लावायचे आणि मी डोळे मिटून कोणते कोणते ते सांगायचे. माझा मोठा अभिमान होता की मला कळेल. निम्म्याहून कमी वेळा उत्तर बरोबर आले, म्हणजे रुपया उडवून सांगितले असते तरी चालले असते. दोघांपैकी एकाचे कान तरुण, त्यालाही जमले नाही. तेव्हा "एमपी-थ्रीत जीव नसतो" वगैरे जे महागडी यंत्रे विकणारे सांगतात त्यावर श्रोत्यांनी पैसे खर्च करू नयेत. लोकलच्या खडखडाटात तर १२८ किलोबिटसुद्धा पुष्कळ झाले.

परंतु आमचा दुकानदार १२८ वरही थांबला नव्हता. चौदा कॅसेटी एका सीडीत बसवायच्या म्हणून त्याने ६४ घेतले होते. हिशेब करा: बावीस भागांतला एक भाग ठेवला, एकवीस टाकले. आणि या पद्धतीला सर्वांत जड काय जाते? एकदम फुटणारा, तुटक, दाट आवाज. स्पेनमधल्या लाकडी चिपळ्या, ज्यांना कॅस्टानेट्स म्हणतात, त्यांच्या टकटकाटाने आणि टाळ्यांच्या कडकडाटाने यंत्र अडखळते, हे जाणकारांना पहिल्यापासून ठाऊक आहे. एकेक तुकडा सेकंदाच्या सुमारे चाळिसाव्या हिश्शाचा. त्या एवढ्याशा जागेत टाळीचा घाव एका क्षणी पडतो आणि हिशेबातली चूक मात्र तुकडाभर, घावाच्या आधीसुद्धा, पसरते. दोनशे माणसे टाळ्या वाजवीत असली की असे घाव एकमेकांवर पडतात, लिहायला बिट पुरत नाहीत, आणि टाळ्यांचे पाणी होते. वक्त्याचा एकटा आवाज सरळ, म्हणून तो वाचला. समोरची माणसे गेली. दुकानदाराने काही वाईट हेतूने केले नाही. त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि मला विचारता आले नव्हते.

एका जाणत्या म्हणविणाऱ्याने मला सुचविले की, या एमपी-थ्रीची पुन्हा मोठी फाइल करून घ्या. करून पाहिली. फाइल बावीस पट फुगली आणि पाणी ते पाणीच राहिले.

आपल्या शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्याला यातले काही नव्याने सांगावे लागणार नाही. रोजच्या जेवणासाठी भात गिरणीवर नेऊन त्याचा तांदूळ करावाच लागतो. तुसासकट कोणी खात नाही. पण राबात पेरायचे बियाणे तो कणगीत वेगळे ठेवतो, तुसासकट. सडलेला तांदूळ कितीही चांगला असो, तो रुजत नाही. घरात धान्य कमी पडले तरी बियाण्याला हात लावायचा नाही, हे ज्या बायांनी दुष्काळात पाळले त्यांना मी मोबाईलमधली फाइल समजावून सांगतो तेव्हा एका वाक्यात समजते. कार्यकर्त्यांना तीन बैठका लागतात.

आवाजाचे हे भात जपायचे कसे, याची सोय २००१ पासून फुकट उपलब्ध आहे. जोश कोल्सन या गृहस्थाने 'फ्लॅक' नावाची रीत काढली. तीतही जागा वाचते, परंतु टाकले काहीच जात नाही. कारखान्यातला हजेरी कारकून रोज सगळी नावे न लिहिता 'कालप्रमाणे' असे लिहून फक्त फरक नोंदवील, तर पट लहान होईल. तरीही महिन्याअखेर पूर्ण हजेरी बिनचूक काढता येईल. फ्लॅक हेच करते. मागच्या मापांवरून पुढचे माप काय येईल याचा अंदाज बांधते आणि अंदाज चुकला तेवढाच लिहून ठेवते. फाइल साधारण निम्मी होते आणि उलगडली की पहिल्याबरहुकूम एकूण एक बिट परत मिळतो. या प्रतीवरून हवी तेव्हा, हवी तेवढी लहान प्रत काढावी. उद्या एमपी-थ्रीहून चांगली रीत आली, आणि ती आलेलीही आहे, व्हॉट्सॲपवरचे आपले बोलणे 'ओपस' नावाच्या रीतीने जाते, तर पुन्हा पूर्ण प्रतीवरूनच काढावी. लहान प्रतीवरून आणखी लहान काढू नये.

हे सगळे कोणासाठी, असे कोणी विचारील. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ या पुण्याच्या दांपत्याने महाराष्ट्रभरच्या खेड्यांतून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाच्या वर. नव्वदीच्या दशकात बर्नार बेल हे संगीताचे अभ्यासक त्यांना येऊन मिळाले आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झाले. २०१७ पासून 'पारी' ही संस्था त्या ओव्या लोकांपुढे ठेवीत आहे. तिचे कार्यकर्ते त्याच गावांत पुन्हा गेले, काही बाया भेटल्या, त्यांनी पुन्हा गायिले. आता त्या ओव्या मोबाईलवर लहान प्रतीत ऐकायला मिळतात आणि तसेच हवे. ज्या बाईने ओवी गायिली तिच्या नातीला तिच्या फोनवर ती ऐकता आली पाहिजे. मला त्यातली जात्याची घरघर मोलाची वाटते. आवाज 'स्वच्छ' करून देणारी यंत्रे आज फुकट मिळतात आणि त्यांच्या लेखी घरघर म्हणजे कचरा. ओवीची लय त्या दगडाच्या फेऱ्यावर बांधलेली आहे, हे यंत्राला कोण सांगणार? पूर्ण प्रत कोठेतरी जपलेली असेल तरच पुढच्या अभ्यासकाला दगड ऐकू येईल.

माझ्या चौदा कॅसेटी गेल्या त्या गेल्या. परंतु मागील वर्षी त्या सहकाऱ्यांच्या मुलीला घरातल्या पत्र्याच्या पेटीत एक पंधरावी कॅसेट सापडली. ती कचेरीत कधी आलीच नव्हती. वाजविणारे यंत्र मिळविण्यात दोन महिने गेले. शहापूरच्या एका कारागिराने जुन्या डेकचा रबरी पट्टा बदलून दिला. या वेळी आवाज पूर्ण मापात उतरवून घेतला, कशाचीही सफाई केली नाही, आणि फ्लॅकची प्रत तीन ठिकाणी ठेवली: एक कचेरीत, एक त्या मुलीकडे मुरबाडला, एक ठाण्याला. १२८ किलोबिटांची, छ्याऐंशी मेगाबाइटांची प्रत मी सगळ्यांना वाटतो. आज सभेनंतरही कोणाला हवी असेल त्यांनी फोन पुढे करावा. मात्र ज्यांच्या घरी अशी एखादी कॅसेट आहे, मग ती सभेची असो, भजनाची असो, आजीच्या लग्नगीतांची असो, त्यांनी मला मोबाईलवरचा तुकडा पाठवू नये. कॅसेट घेऊन यावे. पट्टा सध्या चांगला आहे.

त्या पंधराव्या कॅसेटीत शाहिराचे गाणे संपल्यावर टाळ्या आहेत. पूर्ण प्रतीत त्या सुट्या सुट्या ऐकू येतात. पुढची मंडळी आधी थांबतात, मग बाजूची. मागे, बहुधा गेटच्या खांबापाशी, एक जण सगळे थांबल्यावरही आणखी चार-पाच टाळ्या वाजवतो. तो कोण असावा याविषयी आमच्या जुन्या कामगारांत दोन पक्ष पडले आहेत.